पिन तिने टाकला, म्हणून दोष तिचाच?

तिकीट विकायला निघालेला माणूस पैसे घ्यायच्या ऐवजी देऊन बसला, अशी बातमी आली की तिच्यामागोमाग तीन वाक्यं येतात. हाव नडली. एवढं शिकून फसतात कशी माणसं? आणि तिसरं, सर्वांत ठाम: पिन स्वतःच्या हाताने टाकला, मग बँकेला दोष कशाला द्यायचा? घरात जेवताना, बँकेच्या काउंटरवर, कधी कधी तक्रार लिहून घेणाऱ्याच्या तोंडूनही ही वाक्यं ऐकू येतात. ती बोलणारी माणसं वाईट नसतात. आपण सावध आहोत, आपल्या बाबतीत असं घडणार नाही, एवढा दिलासा त्यांना हवा असतो. पण त्या दिलाशाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. पैसे गेल्यानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा, आणि तोच तास अनेक जण घरी कसं सांगायचं या विचारात घालवतात. ही लाज त्यांच्यावर आपण लादलेली आहे. म्हणून या वाक्यांना उत्तर द्यायला हवं.

आधी हावेचं पाहू. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या बँडचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. त्यांची तिकीटविक्री झाली होती २२ सप्टेंबर २०२४ रोजी. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली आणि परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर ती लाखांत दिसू लागली. सगळी चर्चा काळ्या बाजारावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण विक्री आणि कार्यक्रम यांत जवळजवळ चार महिने होते. चार महिन्यांत मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक लागतं, आई रुग्णालयात दाखल होते, कंपनी पुण्याहून चेन्नईला पाठवते. चार जणांची तिकिटं काढलेली, दोघांचं जाणं रद्द, आणि तिकीट परत घेण्याची सोय नाही. असा माणूस मूळ किमतीत, पुष्कळदा हजार-पाचशे कमी घेऊन, तिकीट द्यायला तयार असतो. त्याला नफा नको असतो. अडकलेले पैसे सुटावेत, एवढंच त्याला हवं असतं. यात हाव शोधायची कुठे?

त्याच्यापाशी जे असतं ते म्हणजे घाई. जुना सोफा आज विकला नाही तर पुढच्या महिन्यात विकता येतो. कार्यक्रमाचं, नाटकाचं किंवा सामन्याचं तिकीट त्या संध्याकाळी साडेसात वाजता कागद होऊन जातं. ठगाला हेच आवडतं. समोरच्याचे किती तास उरले आहेत, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. विक्रेता उद्यापर्यंत थांबू शकत नाही, चार जणांना विचारू शकत नाही, बँकेत जाऊन येऊ शकत नाही, हे माहीत असलेला माणूस फोन करतो, आणि तो फोन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी दुपारी येतो.

तो फोन कसा असतो, हेही नीट पाहायला हवं, कारण 'एवढं शिकून?' विचारणाऱ्यांनी तो कधी ऐकलेला नसतो. समोरचा भाव करत नाही. सांगितलेली किंमत लगेच कबूल. बोलणं अदबीचं, बहुधा हिंदीतलं. आपण लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहोत, बदली लांब झाली आहे, तिकीट बहिणीसाठी हवं आहे, ती येऊन घेऊन जाईल. मागितलं नसताना ओळखपत्राचा फोटो येतो. मग, "मॅडम, हमारा आर्मी का अकाउंट है, पेमेंट का सिस्टम थोडा अलग है." एक क्यूआर कोड येतो, त्याच्यावर रक्कम आणि 'पैसे मिळतील' अशा अर्थाची अक्षरं छापलेली. आधी पाच रुपयांचं करून बघा, असं तोच सुचवतो. कोड स्कॅन होतो, पिन टाकला जातो, पाच रुपये जातात, आणि लगेच दहा रुपये परत येतात. आता विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर पुरावा आहे. पुढचा कोड पाच हजारांचा. पैसे गेल्यावर तोच काळजीच्या सुरात म्हणतो की तांत्रिक अडचण आली, पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील. फोन मात्र एकदाही ठेवू देत नाही.

या सगळ्यात शिक्षणाचा संबंध कुठे येतो? सैनिकाबद्दलचा आदर, समोरच्याच्या अदबीला अदबीने उत्तर द्यायची सवय, आणि हातात उरलेला एक दिवस, एवढ्या तीन गोष्टींवर हा सापळा चालतो. या तिन्ही गोष्टी चांगल्या घरातल्या, शिकलेल्या माणसाकडे जास्त असतात. आणि हा सापळा कुणाला अनोळखी नव्हता. ऑनलाइन विक्रीतला खोटा ग्राहक, त्याचं लष्करी सोंग, पैसे देण्याऐवजी पैसे मागण्याची विनंती पाठवणं आणि ती मंजूर करायला लावणं, हे सारं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या जनजागृती पुस्तिकेत लिहिलेलं आहे. यंत्रणेला सगळं माहीत होतं, आणि उपाय म्हणून तिने नागरिकाला पुस्तिका दिली.

इथे तिसऱ्या, सर्वांत ठाम वाक्याकडे येतो. पिन तिने टाकला, म्हणून जबाबदारी तिची. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण पिन या गोष्टीची सवय आपल्या हाताला कुणी आणि कशी लावली, ते पाहा. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यात पैसे पाठवायला पिन, हे ठीक. खात्यात किती शिल्लक आहे ते बघायलाही तोच पिन. दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या हप्त्याला संमती द्यायलाही तोच. शिल्लक बघताना पिन टाकला की पैसे जात नाहीत, हे आपण रोज अनुभवतो. म्हणजे पिन टाकणं आणि खिशातून नोट काढणं यांतलं नातं यंत्रणेनेच पुसून टाकलं. फक्त पैसे घ्यायला पिन लागत नाही. हा एकच नियम या सगळ्या सवयींपासून वेगळा, आणि घाईच्या क्षणी तो आठवावा अशी अपेक्षा. पिनच्या पडद्यावर रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव दिसतं, असं सांगितलं जाईल. दिसतं, पण अनेकांच्या फोनवर इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि कानाशी कुणीतरी सलग बोलत असताना.

याच्याही पुढचा पुरावा आहे, आणि माझ्या मते तो या वादाचा निकाल लावतो. यूपीआयमध्ये एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची विनंती पाठवण्याची सोय होती. तीच सोय ठगांनी वर्षानुवर्षे वापरली. आधी तिच्यावर एका वेळी दोन हजार रुपयांची मर्यादा आली. तेवढ्याने भागलं नाही. तोवर ग्राहकांना सांगितलं जात होतं की जागे राहा, विनंती नीट वाचा, पिन टाकू नका. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढून व्यक्ती-व्यक्तींमधली ही विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्या दिवशी यूपीआय कोसळलं नाही. दुकानं चालू राहिली, रिक्षाचे पैसे दिले गेले. नागरिकांच्या बेसावधपणाचा म्हणून जो प्रश्न आपल्या गळ्यात बांधला होता, त्यातला एक मोठा भाग यंत्रणेतली एक सोय काढून सुटण्यासारखा होता. मग त्या आधीच्या वर्षांत ज्यांचे पैसे गेले, त्यांना आपण हावरट आणि अडाणी म्हणत होतो, त्याचं काय?

क्यूआर कोडचा मार्ग अजून उघडा आहे. कोड स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही. याला अपवाद नाही, लष्कराचं खातं असलं तरी नाही.

यावर एक समंजस आक्षेप येतो आणि त्याला उत्तर देणं मी टाळणार नाही. बँकेने भरपाई द्यायची ठरवली तर लोक निष्काळजी होतील, खोटे दावे करतील, आणि भारताला मिळालेला व्यवहारांचा वेग मंदावेल, असं बँकिंगमधली माणसं मनापासून म्हणतात. ब्रिटनने हा धोका पत्करून पाहिला आहे. तिथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकाने फसवणुकीत स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसेही परत देणं बँकांवर बंधनकारक झालं. कमाल मर्यादा ८५ हजार पौंड. भरपाईचा भार पैसे पाठवणारी बँक आणि ज्या बँकेत ठगाचं खातं आहे ती बँक, दोघींनी निम्मा निम्मा उचलायचा. ग्राहकाने घोर निष्काळजीपणा केला असेल किंवा तोच ठगाला सामील असेल तर भरपाई नाही, ही सोयही ठेवलेली आहे. यातला सर्वांत शहाणा भाग म्हणजे दुसरी बँक. चोरीचे पैसे ज्या खात्यात जातात ते खातं कुणीतरी उघडून दिलेलं असतं, कुणीतरी त्याची कागदपत्रं तपासलेली असतात. त्या बँकेच्या खिशाला झळ बसली तर ठगांना भाड्याने दिली जाणारी खाती उघडताना ती दहा वेळा बघेल.

आपल्याकडे आधार म्हणून रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं जातं. ते चांगलं आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय पैसे गेले, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. पण तिकीट विकणाऱ्या बाईने पिन टाकलेला असतो, म्हणून तिचा व्यवहार 'संमतीचा' ठरवला जातो आणि हे कवच तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फसवून घेतलेली सही कोर्टात संमती म्हणून टिकत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड या कृत्याला फसवणूक म्हणतात. कायद्याच्या एका पुस्तकात ती फसवली गेलेली आहे आणि दुसऱ्या कागदावर ती राजीखुशीने पैसे देणारी आहे. हा विसंगतपणा ग्राहकाच्या डोक्यावर का?

आता दुसऱ्या बाजूच्या सल्ल्याकडे वळतो: ऑनलाइन विकायलाच जाऊ नका. रेल्वेच्या तिकिटाबद्दल हे शंभर टक्के बरोबर आहे. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४२ असं तिकीट दुसऱ्याला विकू देत नाही. जवळच्या नातेवाइकाच्या नावावर बदलून घ्यायचं असेल तर गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी स्टेशनवर अर्ज करावा लागतो, आणि त्यात विक्री नाही. विमानाच्या तिकिटावरचं नाव साधारणपणे बदलता येत नाही, आणि पीएनआर अनोळखी माणसाला कळवणं म्हणजे आपलं आरक्षण त्याच्या हातात देणं. कार्यक्रमाच्या तिकिटांच्या अटीही वाचाव्यात, कारण काही आयोजक ते दुसऱ्याला देण्याची परवानगी देत नाहीत. पण जिथे परवानगी आहे तिथेही प्रामाणिक माणसाने माघार घ्यावी, हा सल्ला मला मान्य नाही. मूळ किमतीत तिकीट देणारा बाजारातून बाहेर पडला तर तिथे फक्त काळाबाजारवाला उरतो.

विकायचंच असेल तर सर्वांत भरवशाचा मार्ग जुनाच आहे: समोरासमोर भेटायचं, दादर स्टेशनवर इंडिकेटरखाली किंवा नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीजवळ, आणि पैसे आपल्या खात्यात दिसल्यावर तिकीट द्यायचं. प्रामाणिक ग्राहकालाही हेच हवं असतं, कारण आगाऊ पैसे पाठवायची भीती त्यालाही असते. आणि 'दिसणं' म्हणजे आपण स्वतः उघडलेल्या बँकेच्या ॲपमध्ये दिसणं. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा नाही. हुबेहूब पेमेंट झाल्याचा पडदा दाखवणारी बनावट ॲप फिरतात. पैसे जमा झाल्याचा एसएमएसही पुरावा नाही. तो दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर बँकेचा नाहीच. या बनावट एसएमएसची पुढची पायरी ठरलेली आहे: पाच हजारांऐवजी चुकून पंधरा हजार गेले, वरचे दहा परत करा, दवाखान्यात भरायचे आहेत. खात्यात पंधरा आलेलेच नसतात.

तिकीट खरं आहे हे दाखवण्यासाठी त्याचा फोटो पाठवताना बारकोड आणि क्यूआर झाकायचा. गेटवर ज्याचा कोड आधी स्कॅन होतो तो माणूस आत जातो, आणि तो कोड मग तुमच्या ग्राहकाकडे असला काय किंवा फोटो हाती लागलेल्या दुसऱ्या कुणाकडे असला काय, यंत्राला फरक पडत नाही. मदत करतो म्हणून कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप किंवा एखादी फाइल फोनमध्ये टाकायला सांगितली तर फोन तिथेच ठेवायचा. ॲनीडेस्कसारख्या ॲपच्या अशा वापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता.

आणि एक प्रकार असा आहे की त्यात विक्रेत्याने सगळं बरोबर केलं तरी तो अडकतो. पैसे खरोखर येतात. बँकेच्या ॲपमध्ये दिसतात. तो तिकीट देतो, कार्यक्रम होऊन जातो. काही दिवसांनी त्याचं कार्ड चालेनासं होतं, कारण खातं गोठवलेलं असतं. झालेलं असं असतं की ग्राहकाने स्वतःचे पैसे दिलेच नव्हते. दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी फसवून त्याने ती रक्कम थेट या विक्रेत्याच्या खात्यात वळवली. तिथल्या पीडिताने तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला, आणि माग तिकीट विकणाऱ्यापाशी येऊन थांबला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्तीचा अधिकार वापरून पोलीस बँकेला कळवतात आणि बँक खातं बंद करते. त्या खात्यात पगार येत असतो, घराचा हप्ता जात असतो. आता या माणसाने न पाहिलेल्या शहरातल्या पोलीस ठाण्याला पत्रं लिहायची आणि आपण चोर नाही हे सिद्ध करायचं. हाव नडली म्हणणाऱ्यांनी या माणसाची चूक मला दाखवून द्यावी.

यापासून पूर्ण बचाव नाही, पण काही गोष्टींनी बळ मिळतं. पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या ग्राहकाचं नाव एकच असायला हवं. वेगळं असेल, किंवा चार वेगवेगळ्या नावांनी थोडे थोडे पैसे आले, तर तिकीट देऊ नये आणि स्वतःच्या मनाने तिसऱ्याच नंबरवर पैसे परतही करू नयेत. बँकेला लेखी कळवून आले त्याच खात्यात परत पाठवायला सांगावं. जाहिरात, बोलणं, तिकिटाची प्रत आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. खातं गोठलंच तर संपूर्ण खात्याऐवजी वादातली रक्कमच रोखावी, अशी लेखी मागणी करावी. पाच हजारांच्या तिकिटासाठी माणसाचा अख्खा पगार अडवणं हा न्याय नाही, आणि पोलिसांनी हे स्वतःहून पाळायला हवं.

पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक फिरवायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची, आणि त्याच वेळी आपल्या बँकेला कळवायचं. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि मग एटीएममधून बाहेर जाते. ती मधल्या कुठल्यातरी खात्यात असतानाच पकडता येते. म्हणून घरात कुणी येऊन सांगितलं की माझे पैसे गेले, तर 'तू पिन टाकलासच कशाला' हा प्रश्न त्या घडीला विचारू नये. फोन हातात घेऊन आधी नंबर लावावा, व्यवहाराचा क्रमांक शोधून द्यावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ती करावी, रक्कम लहान असली तरी.

तिकीट विकणाऱ्या कंपन्यांबद्दल मात्र मला राग आहे. लाखो लोक रांगेत असताना त्यांनी चार-चार महिने आधी पूर्ण पैसे घेतले आणि ज्याला जाता येत नाही त्याला वाऱ्यावर सोडलं. परदेशात टिकेटमास्टर काही कलाकारांच्या कार्यक्रमांसाठी मूळ किमतीतच तिकीट परत विकण्याची सोय स्वतःच्या व्यासपीठावर देते: जुना कोड रद्द होतो, नव्या माणसाला नवा कोड मिळतो. तंत्र अवघड नाही. राज्य सरकार मोठ्या कार्यक्रमांना परवानगी देतं, पोलीस बंदोबस्त देतं, वाहतूक वळवतं. वीस हजारांहून जास्त तिकिटं विकणाऱ्या प्रत्येक आयोजकाने मूळ किमतीत परतविक्रीची सोय द्यावी आणि ग्राहकाचे पैसे नवा कोड जाईपर्यंत स्वतःकडे राखून ठेवावेत, ही अट त्या परवानगीतच घालावी.